आग्रा समिट २००१, यजमान बाजूची प्रेस सर्व्हिस : पाचपैकी दोन स्टार

रिव्ह्यू उशिरा टाकतोय हे मान्य, पण या सर्व्हिसचा रिव्ह्यू कुणी ग्राहकाच्या बाजूने लिहिलेलाच दिसत नाही, जो लिहितो तो एकतर माजी राजदूत असतो नाहीतर माजी संपादक, आणि दोघांनाही स्वतःचं काहीतरी सावरायचं असतं. मी दोन्ही नाही. मी पुण्यात पीआरमधे आहे, आमचे क्लायंट म्हणजे बिल्डर, हॉस्पिटलवाले, एखादी शाळा जिच्या बसला अपघात झालाय, असलं सगळं. परराष्ट्र धोरण वगैरे आपला प्रांत नाही. पण ऑफिसात नवीन पोरं आली की त्यांना मी पहिल्या आठवड्यात आग्र्याची गोष्ट सांगतो, कारण वादग्रस्त पाहुणा घरी बोलावला आणि दारात शेकडो कॅमेरे उभे असले की काय काय फिसकटू शकतं याचं एवढं पूर्ण पॅकेज दुसरीकडे मिळत नाही.

तर सर्व्हिस कोणती, भारत सरकारची मीडिया हाताळणी. तारखा १४ ते १६ जुलै २००१. पाहुणा परवेझ मुशर्रफ. ग्राहक आपण, म्हणजे टीव्हीसमोर बसलेली जनता, आणि मधे अडकलेले बिचारे रिपोर्टर.

ज्यांचा जन्मच त्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कारगिल १९९९ ला झालं, आणि त्याच्या मागे डोकं कोणाचं होतं तर पाकिस्तानचे तेव्हाचे लष्करप्रमुख मुशर्रफ यांचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी नवाझ शरीफना हटवून सत्ता घेतली. डिसेंबरात विमान अपहरण, कंदाहार. म्हणजे लोकांच्या मनात या माणसाबद्दल काय असणार ते सांगायला नको. आणि मे २००१ मधे वाजपेयींनी त्यालाच पत्र पाठवून बोलावलं. सगळे गार. त्यात भर म्हणजे भारतात येण्याच्या तीनेक आठवडे आधी, २० जूनला, साहेबांनी स्वतःला राष्ट्राध्यक्ष करून घेतलं, म्हणजे आता प्रोटोकॉलपण राष्ट्रपती भवनातला पूर्ण द्यायचा. इकडे आपल्याकडे शिवसेना केंद्रात सत्तेत भागीदार आणि तरी पाकिस्तानशी बोलण्याला विरोध उघडउघड, याच सेनेच्या लोकांनी जानेवारी १९९९ मधे दिल्लीत पाकिस्तानशी क्रिकेट मॅच होऊ नये म्हणून कोटला मैदानाचं पिच उखडलं होतं, तेव्हा विरोध म्हणजे नुसता अग्रलेख नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

एवढं सगळं माहीत असताना माणूस काय करेल? आधी घरच्यांना पटवेल ना. का बोलवतोय, काय मिळेल, काय मिळणार नाही, अपेक्षा किती ठेवायची. आमच्याकडे याला ग्राउंड तयार करणं म्हणतात, आणि बिल्डरसुद्धा हे करतो हो, टॉवर उभा करायच्या आधी सोसायटीच्या चार लोकांना चहाला बोलावतो. सरकारने जुलैच्या सुरुवातीला काही घोषणा केल्या खऱ्या, व्हिसाच्या सवलती, पाकिस्तानी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, मच्छीमारांना सोडणं वगैरे. चांगल्याच गोष्टी होत्या, पण त्या इथल्या माणसाला उद्देशून नव्हत्या, तिथल्याला होत्या, आणि तिथल्या सरकारने तर थंडपणे बाजूला ठेवल्या. इथला माणूस विचारत होता की कारगिलचं काय, त्याचं उत्तर कोणीच देईना.

१४ तारीख, दिल्ली. हा दिवस मुशर्रफच्या टीमने खिशात घातला आणि यजमानांनी हसत हसत घालू दिला. राष्ट्रपती भवनात गणवेशाऐवजी शेरवानी. मग राजघाट. मग दर्यागंजातली नहरवाली हवेली, जिथे १९४३ मधे त्यांचा जन्म झालेला, आणि तिथे घरच्या जुन्या मोलकरणीची भेट. आता सांगा, आदल्या दिवशीपर्यंत जो कारगिलवाला जनरल होता तो संध्याकाळच्या बातम्यांत फाळणीत घर सुटलेला दिल्लीचा मुलगा झाला. हा बदल फुकट होत नाही, कोणीतरी बसून त्याचं नियोजन केलेलं असतं, कोणत्या वेळी कुठे गाडी थांबेल, कॅमेरा कुठे असेल. प्रोफेशनल म्हणून सलाम. संध्याकाळी पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या चहापानाला काश्मिरी फुटीरतावादी हुरियतचे नेते, त्यावर सत्ताधारी आघाडीने बहिष्कार घातला, म्हणजे तिथेही बातमी पाहुण्याचीच, आपली फक्त गैरहजेरी.

आणि त्याच दिवशी गृहमंत्री अडवाणींनी मुशर्रफकडे दाऊदचा विषय काढला होता. थेट. आधी प्रत्यार्पण कराराची गोष्ट काढली, मुशर्रफ बरं म्हणाले, मग अडवाणी म्हणाले की करार होईल तेव्हा होईल, दाऊद इब्राहिमला द्या, आणि पाहुण्यांचा चेहरा बदलला. हे सगळं सविस्तर आपल्यापर्यंत पोचलं ते अडवाणींच्या आत्मचरित्रातून, २००८ मधे. अरे मुंबईत १९९३ ला ज्यांची माणसं गेली त्यांच्यासाठी या तीन दिवसांतली हीच तर बातमी होती! बैठकीत बोललेलं बाहेर सांगायचं नसतं हे मलाही कळतं, पण ‘फरार गुन्हेगारांचा विषय ठामपणे मांडला’ एवढी एक ओळ द्यायला कोणतं राजनैतिक संकेतांचं पुस्तक आडवं येतं? हातातला हुकमी पत्ता हातातच राहिला आणि डाव संपला.

१५ तारखेला सगळे आग्र्यात. व्यवस्थेबद्दल बोलायचं तर, चर्चा जेपी पॅलेस हॉटेलात, मुशर्रफ उतरले अमरविलासमधे, ताजमहालाच्या जवळ, आणि पत्रकारांसाठी मीडिया सेंटर तिसऱ्याच हॉटेलात, मुघल शेरेटनमधे. सुरक्षेच्या हिशोबाने बरोबर. प्रेसच्या हिशोबाने काय होतं, तर जिथे घडतंय तिथे पत्रकार नाहीत आणि जिथे पत्रकार आहेत तिथे काहीच घडत नाही. यात स्वतःहून वाईट काही नाही, मोठ्या परिषदांमधे असंच असतं, पण मग त्या तिसऱ्या हॉटेलात दर दोन-तीन तासांनी कुणीतरी येऊन दोन वाक्यं टाकायला हवीत. बातमी नसली तरी. ‘सकाळची बैठक संपली, वातावरण मोकळं होतं, पुढची बैठक अमुक वाजता.’ एवढंच. भुकेल्या रिपोर्टरला तेवढं पुरतं, त्याला पण वर डेस्कला काहीतरी द्यायचं असतं हो. चोवीस तास बातम्यांचा धंदा तेव्हा नुकता अंगात यायला लागला होता, आज तकचं पूर्णवेळ चॅनल डिसेंबर २००० च्या अखेरीस सुरू झालेलं, स्टार न्यूज, झी न्यूज होतेच. मराठीत चोवीस तासांचं चॅनल यायला अजून सहा वर्षं होती, त्यामुळे आपण हिंदी नाहीतर इंग्रजी बघत बसायचो. आणि बघायला काय मिळायचं? हॉटेलचं गेट. गेटमधून जाणारी गाडी. गाडी कोणाची असेल यावर चर्चा. भारतीय बाजूकडून शब्द नाही म्हटल्यावर स्टुडिओत बसलेले निवृत्त लोक अंदाज करायला लागले, आणि अंदाजाचं असं असतं की संध्याकाळपर्यंत त्याची अपेक्षा होते आणि रात्रीपर्यंत करार होणारच असं वाटायला लागतं.

दुपारी ताजमहाल. पती-पत्नीचा फोटो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांची सोय झाली. मुशर्रफ २, यजमान ०.

मग त्या संध्याकाळी यजमान बाजू एकदाची बोलली, सुषमा स्वराज बोलल्या. त्या माहिती आणि प्रसारण मंत्री होत्या, बोलण्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पत्रकारांना त्यांनी आज कोणकोणत्या विषयांवर चर्चा झाली ते सांगितलं, सीमेपलीकडचा दहशतवाद, अण्वस्त्रांबाबत विश्वास वाढवायचे उपाय, व्यापार, युद्धकैदी. यादी चांगली होती, फक्त काश्मीर हा शब्द त्यात नव्हता. आणि पाकिस्तानी बाजू जी काश्मीर या एका शब्दासाठी आग्र्यात बसली होती, तिचा तिळपापड. मेजर जनरल राशिद कुरेशी हे त्यांचे प्रवक्ते, त्यांच्याकडून त्याच रात्री खुलासा आला की चर्चेचा रोख काश्मीरवरच होता.

इथे माझं मत जरा वेगळं आहे. पुष्कळ लोक, विशेषतः सीमेपलीकडचे, सगळं खापर या ब्रीफिंगवर फोडतात. मला ते पटत नाही. वक्त्याचा दोष नाही हा. दिवसभर गप्प बसून एकदम संध्याकाळी एकच ब्रीफिंग दिलं की त्यातला प्रत्येक शब्द आणि प्रत्येक न उच्चारलेला शब्द सरकारी भूमिका होऊन बसतो. तीच यादी चार हप्त्यांत आली असती, चार तोंडून आली असती, तर कोणी एवढा कीस पाडला नसता. एकच थेंब टाकायचा आणि मग म्हणायचं लोक त्यात समुद्र का बघतात.

आता मुख्य पदार्थ, १६ जुलैची सकाळ. मुशर्रफनी अमरविलासमधे भारतीय संपादकांना नाश्त्याला बोलावलं. प्रणय रॉय होते, एम. जे. अकबर होते, अजून बरीच वजनदार मंडळी. आलेल्यांपैकी अनेकांची समजूत अशी की अनौपचारिक गप्पा आहेत, ऑफ द रेकॉर्ड. पण पाकिस्तान टीव्हीचे कॅमेरे चालू होते, आणि ती टेप भारतीय चॅनलच्या हातात पडली, आणि मग झालं काय तर तिकडे दोन नेते चर्चा करतायत आणि इकडे देशभर टीव्हीवर मुशर्रफ बोलतायत. काश्मीर हाच मुख्य प्रश्न. बाकी सगळं नंतर. तिथे चाललंय तो स्वातंत्र्यलढा. आणि कारगिलचं विचारलं तर लगेच १९७१ काढलं, सियाचिन काढलं.

मी ही टेप पोरांना दाखवतो ती आवाज बंद करून आधी. आवाज बंद असताना बघा, माणूस कसा बसलाय, हात कसे चाललेत, समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलतोय, कागद नाही, चिठ्ठी नाही. आणि समोर बसलेले आपले एकसे एक संपादक, ज्यांच्यापुढे मंत्री घाबरतात, ते ऐकतायत. काहींनी टोकलं, विचारलंही, पण फ्रेम त्याची होती. मग आवाज सुरू करतो. बोलणं तेच आहे जे पाकिस्तान कायम बोलत आलाय, नवीन एक अक्षर नाही. नवीन होतं ते हे की हे सगळं आपल्या टीव्हीवर, आपल्या संपादकांच्या तोंडावर, आपल्याच पाहुणचारात, मधे कोणी न थांबवता सांगितलं जात होतं. ट्रेनिंगच्या भाषेत सांगायचं तर त्याने गेटकीपरलाच, म्हणजे काय दाखवायचं ते ठरवणाऱ्यालाच, प्रेक्षक बनवलं.

यावर यजमानांचं उत्तर काय? उत्तर असं की वाजपेयींनी चर्चेच्या सुरुवातीला जे निवेदन केलं होतं त्याचा मजकूर प्रसिद्धीला दिला. छापील. निवेदन अतिशय सभ्य, मुद्देसूद. पण जिवंत चेहऱ्याला कागदाने उत्तर देता येत नाही हो, टीव्हीवर तर नाहीच नाही. वाजपेयी म्हणजे देशातला सर्वात मोठा वक्ता, ज्याच्या नुसत्या थांबण्यावर सभा जिंकल्या जायच्या, तो तीन दिवस कॅमेऱ्यापुढे जवळजवळ मुका. तुमच्याकडे भीमसेन आहेत आणि तुम्ही स्वरलिपी वाटताय!

पण थांबा, इथे दोन्ही बाजू मांडायला हव्यात. नाश्त्याचा कार्यक्रम कव्हरेज म्हणून बघितला तर दहापैकी दहा. पण पाहुणा ज्या कामासाठी आला होता ते काम? ते काम होतं संयुक्त निवेदन. आपले परराष्ट्रमंत्री जसवंत सिंग आणि त्यांचे अब्दुल सत्तार मसुद्यावर मसुदे फिरवत बसले होते, आणि त्यात शब्दाशब्दाला तडजोड लागत होती. आता तुम्ही सकाळी टीव्हीवर सांगून टाकलंत की काश्मीर सोडून बाकी सगळं दुय्यम, तर संध्याकाळी वाजपेयी मऊ भाषेच्या कागदावर सही कशी करणार? केली असती तर दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच पक्षाने विचारलं असतं, टीव्हीवर झापलं म्हणून सही केली का. जो शब्द बंद खोलीत सोडता आला असता तो उघड्यावर सोडता येत नाही. आमच्या धंद्यात असले क्लायंट रोज भेटतात, भागीदाराशी वाटाघाट चालू असताना पेपरात मुलाखत देणारे. मुलाखत सुंदर येते. भागीदारी तुटते. मुशर्रफच्या प्रेसवाल्यांनी आपल्या साहेबाला हिरो केलं आणि त्या नादात साहेबाचीच परतीची वाट बंद केली.

बरं, मसुदा फक्त नाश्त्यामुळे फिसकटला असं मी म्हणत नाही. भारताला दहशतवादाचा स्पष्ट उल्लेख हवा होता, पाकिस्तानला काश्मीर मध्यभागी हवं होतं, आणि आपल्या सरकारच्या आतच सगळ्यांचं एकमत नव्हतं. मुशर्रफनी २००६ च्या आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की निघताना आपण वाजपेयींना म्हणालो, आपल्या दोघांच्याही वर कोणीतरी आहे असं दिसतंय. रोख कोणावर ते सगळ्यांना कळलं, आणि अडवाणींनी आपल्या पुस्तकात ते खोडून काढलं. खरं खोटं बाजूला ठेवा. प्रेस सर्व्हिसच्या दृष्टीने यातला मुद्दा एवढाच की ज्या सरकारचं आत ठरलेलं नाही त्याचा प्रवक्ता बाहेर सांगणार काय? गप्प राहणं ही स्ट्रॅटेजी नव्हती, गप्प राहणं ही मजबुरी होती, नंतर तिलाच स्ट्रॅटेजी म्हटलं गेलं. माझ्याकडे क्लायंट येतात, म्हणतात एक चांगलं स्टेटमेंट लिहून द्या. मी विचारतो, तुमचं म्हणणं काय आहे? दोन भाऊ एकमेकांकडे बघतात. मग मी काय शेक्सपियर असलो तरी काय लिहिणार.

१६ ची रात्र. ही मला अजूनही बघवत नाही. दुपारपासून ‘आता होतंय, आता होतंय’. पाहुण्यांचं अजमेरला जाणं ठरलेलं, ते रद्द. सही होणार म्हणून सगळे सज्ज. मग वाजपेयींचा निरोप घ्यायला मुशर्रफ गेले ते तासभर बाहेर येईनात, टीव्हीवाल्यांना वाटलं शेवटच्या क्षणी जमलं. नाही जमलं. मुशर्रफना जाता जाता रात्री पत्रकार परिषद घ्यायची होती, ती सुरक्षेचं कारण देऊन होऊ दिली नाही. कारण खरं असेलही, पण रात्रीच्या त्या वेळी, तीन दिवस उपाशी ठेवलेल्या पत्रकारांना, हे कारण सांगून पाहा. पाहुण्याचा आवाज दाबला ही एक नवीन बातमी तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करून दिलीत.

आणि मग मध्यरात्रीच्या आसपास मीडिया सेंटरमधे निरुपमा राव आल्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्या, या पदावर आलेल्या पहिल्या महिला. समोर कॅमेऱ्यांची आणि माणसांची अक्षरशः झुंबड, धक्काबुक्की, एकाच वेळी ओरडणारे. त्यांनी एकच छोटं निवेदन केलं, की प्रक्रिया सुरू झाली, प्रवासाला सुरुवात झाली, पण संयुक्त निवेदनाच्या मुक्कामापर्यंत आपण पोचलो नाही, आणि हे सांगताना मला निराशा वाटते. बस. प्रश्नांना उत्तरं नाहीत, कारण द्यायला काहीच दिलेलं नव्हतं. संपूर्ण तीन दिवसांत यजमान बाजूने केलेलं हे सर्वात चांगलं काम आहे असं माझं स्पष्ट मत. का ते बघा. खोटं नाही. दोषारोप नाही. दार बंद नाही. चारच ओळींत पराभवही सांगितला आणि पुढची जागाही ठेवली. हातात काही नसताना असं निवेदन करता येणं याला कसब लागतं. दोन स्टारमधला एक पूर्ण स्टार त्या चार ओळींचा आहे.

दुसरा स्टार १७ तारखेच्या सकाळचा. जसवंत सिंग आग्र्यात पत्रकारांपुढे बसले, आपल्या त्या भारदस्त इंग्रजीत, संथपणे, सगळे प्रश्न घेतले, कुठे चिडचिड नाही, आणि शांततेचा मार्ग सोडलेला नाही हे सांगितलं. तिकडे इस्लामाबादेत सत्तारांनीही बैठक फसली म्हणायचं टाळलं, अपुरी राहिली म्हणाले. म्हणजे दोन्ही बाजूंना बोलता येत होतं! नीट बोलता येत होतं! फक्त ते सगळं संपल्यावर.

तुलना करायची तर या प्रकारातला महागडा ब्रँड म्हणजे १९७२ चं निक्सनचं चीन. ज्या देशाला अमेरिका वीस वर्षं देश मानत नव्हती तिथे राष्ट्राध्यक्ष चाललाय, स्वतःच्याच पक्षातले कडवे लोक खवळलेत, निवडणुकीचं वर्ष आहे. काय केलं त्यांनी? पत्रकारांत टीव्हीवाल्यांना झुकतं माप. बीजिंगला विमान उतरलं ते तिथल्या सकाळी साडेअकराला, म्हणजे न्यूयॉर्कमधे रविवारी रात्रीचे साडेदहा, सगळे घरात. विमानाच्या जिन्यावरून निक्सन फक्त पत्नीबरोबर उतरतील, चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांच्याशी हात मिळवताना फ्रेममधे कोणी सल्लागार येणार नाही, म्हणून बाकीच्यांना आतच अडवून धरलं. परत येताना अलास्कात काही तास विमान थांबवून ठेवलं, का तर वॉशिंग्टनला रात्री नवाच्या सुमारास, टीव्हीच्या ऐन वेळेत उतरता यावं. आणि यजमान चिनी त्यांच्याहून वरचढ. फक्त मिंग थडग्यांपाशी जरा जास्त झालं. कडाक्याच्या थंडीत तिथे छान कपड्यातली मुलं, हसणारी कुटुंबं, ट्रान्झिस्टर लावून बसलेली, अमेरिकन पत्रकारांना शंका आली की हे सगळं मांडलेलं आहे, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. तर चाऊ एन लायनी पुढच्या बैठकीत निक्सनना स्वतःहून सांगितलं की हो, मुलांना आणून सजावट केली होती, चूक झाली. बघा, एवढ्या कडेकोट व्यवस्थेतही चूक कबूल करायची सोय ठेवली होती, आणि ती वापरल्यावर विषय तिथेच संपला. अर्थात हे आपण टाळ्या वाजवून बघावं असंही नाही, कारण त्या दौऱ्याची गुप्त तयारी ज्या पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्ष याह्या खानच्या मध्यस्थीने झाली, त्याचं सैन्य त्याच वेळी पूर्व बंगालमधे काय करत होतं आणि निर्वासितांचे लोंढे कोणाच्या दारात येत होते हे आपल्याला माहीत आहे. निक्सनचे सल्लागार किसिंजर जुलै १९७१ मधे दिल्लीला येऊन, मग पाकिस्तानात पोट बिघडल्याचं नाटक करून बीजिंगला गेले, आपल्याला पत्ता नाही. पॅकेजिंग पाच स्टार, आतल्या मालाबद्दल ढाक्यात विचारा.

लोकशाहीत असं सगळं जमत नाही, प्रेस मोकळा असतो, विरोधक असतात, हे माझे काही मित्र म्हणतात, दिल्लीत डेस्कवर काम केलेले. मान्य. पण मी नियंत्रण मागतच नाहीये. मी मागतोय दर तीन तासांनी दोन वाक्यं, एक ठरलेला चेहरा, पाहुणा संपादकांना भेटणार हे कळल्यावर त्याच दिवशी आपल्याही माणसाची भेट ठेवणं, आणि शेवट वाईट झाला तर काय बोलायचं त्याचा कागद सकाळीच तयार ठेवणं. यातलं काहीच हुकूमशाहीतलं नाही, नगरपालिकेच्या निवडणुकीत आमचे लोक हे करतात.

आणि ही सर्व्हिस सुधारू शकते याचा पुरावा आहे. जानेवारी २००४, इस्लामाबाद, सार्क परिषद. माणसं तीच, वाजपेयी आणि मुशर्रफ. मधे संसदेवर हल्ला होऊन गेलेला, सैन्य महिनोनमहिने सीमेवर उभं राहून परत आलेलं, म्हणजे परिस्थिती आग्र्याहून वाईट. पण या वेळी आधी गाजावाजा नाही, भारताकडून सूर असा की आम्ही सार्कसाठी चाललोय, द्विपक्षीय काही मोठं होईल ही अपेक्षा ठेवू नका. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रजेश मिश्रांनी पडद्याआड काम केलं, नाश्ता नाही, हवेली नाही, गेटवर गाड्या मोजणं नाही. ६ जानेवारीला संयुक्त निवेदन आलं, त्यात पाकिस्तानच्या ताब्यातली भूमी दहशतवादासाठी वापरू देणार नाही असं मुशर्रफचं आश्वासन. त्याला मी साडेचार स्टार देईन. आणि हो, मुशर्रफनी तिथेही पत्रकार परिषद घेतलीच, इतिहास घडला वगैरे म्हणाले, पण आधी निवेदन आलं, मग माईक.